गाडीचं थोडं काम बाकी आहे

हितेंद्रराव झोपे यांच्या दारात केळीचा ट्रक उभा राहिला आणि त्यातून वाळलेल्या पानांत गुंडाळलेली मोटारसायकल उतरू लागली, तेव्हा कॉलनीतली निम्मी माणसं हात लावायला धावली आणि उरलेली निम्मी कशी उतरवायची ते सांगायला. ट्रक शेजारच्या उखर्डू नानांच्या पुतण्याचा. धुळ्याहून जळगावला रिकामा परत येत होता, म्हणून गाडी त्यात घातली. आता जन्मभर केळी वाहणाऱ्याला जपून न्यायची एकच रीत ठाऊक: खाली पानं, वर पानं, मध्येही पानं. ती बाजूला केली तशी गाडी दिसू लागली. आधी टोकदार तोंड, मग फुगलेली टाकी, मग आभाळाकडे उचललेलं निळं शेपूट. सीट म्हणून जे काही होतं ते बघून नानांनी चष्मा काढून पुसला.

"अरे हितेंद्र, हे सीट हाये का पाटा? पोरगी बसन कोठी?"

हितेंद्ररावांना हा प्रश्न फार आवडला. असेच प्रश्न त्यांना हवे होते.

गाडी त्यांची नव्हती, त्यांच्या एकुलत्या एक मुलीची होती. डिंपल नरडाण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर, राहायला धुळ्यात मैत्रिणींबरोबर. नवीन वर्षापासून तिला पहिल्या पाळीची प्रमुख करायचं ठरलं होतं. कंपनीची बस त्या वेळेला निघत नाही. म्हणजे स्वतःचं वाहन असेल तर पद, नाहीतर ते दुसऱ्याला. इतकी सरळ गोष्ट. डिंपलने स्वतःच्या पगारातून एक वापरलेली स्पोर्ट मोटारसायकल ठरवली आणि वडिलांना फोन केला, "पप्पा, बघायला या ना. तुम्हाला त्यातलं कळतं."

हितेंद्ररावांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते धुळ्याला गेले ते नाही म्हणायला. गाडी विकणारा भटू हा डिंपलच्याच कारखान्यातला, मोठा आर्जवी माणूस. "काका, गाडी बठ्ठी कोरी शे," तो सांगत होता. "मी पोरनागत सांभाळेल शे. हात लाईसन देखा." हितेंद्ररावांनी हात लावून पाहिला. वाकून पाहिलं. मागून पाहिलं. कुठे खोट काढावी तर सापडेना, आणि डिंपल तर त्यांच्या तोंडाकडे अशी बघत होती की नाही हा शब्द ओठांवर येऊन परत फिरला. मग त्यांच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या नोकरीत मुरलेलं एक वाक्य आपोआप बाहेर पडलं.

"बाकी ठीक आहे. थोडं काम बाकी आहे. मी जळगावला नेऊन करून आणतो."

डिंपलने भटूसमोर त्यांच्या गळ्यात हात टाकले. "पप्पा, तुम्ही स्वतः करणार?" त्या क्षणी त्यांना स्वतःची फार लाज वाटली. पण फक्त त्या क्षणी.

या वाक्याचा महिमा सांगायला हवा. हितेंद्रराव एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क. त्यांनी आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नाही आणि कोणाचं काम चटकन केलंही नाही. एखादी फाइल पुढे जाऊ द्यायची नसेल तर ती नाकारायची नसते, तिच्यात त्रुटी काढायची असते. पहिली त्रुटी पूर्ण झाली की दुसरी. माणूस दुखावत नाही, आपला हात वर राहतो, आणि फाइल टेबलावरच राहते. पुढे माणूसच थकून अर्ज मागे घेतो. हितेंद्ररावांनी ठरवलं की ही मोटारसायकलही आता आपल्या टेबलावर आली आहे.

भीती म्हणाल तर ती खरी होती. महामार्गावरच्या अपघातांची बातमी ते उभ्यानेच वाचत, बसून वाचवत नसे. डिंपल लहान असताना तिला सायकल शिकवायला गेले ते सीट सोडायलाच तयार नव्हते. धापा टाकत दिवसेंदिवस मागे पळाले. शेवटी ती कंटाळून उतरली आणि मैत्रिणीच्या भावाकडून शिकून आली.

तर पहिली त्रुटी सीटची. उखर्डू नानांना घेऊन ते रतिलालच्या दुकानात गेले. गाड्यांचे सुटे भाग आणि सजावटीच्या वस्तू विकणारा रतिलाल हा एक थोर माणूस होता. गिऱ्हाईक काय म्हणेल ते त्याला आधीच पटलेलं असे.

"सीट रुंद पाहिजे," हितेंद्रराव म्हणाले.

"पाहिजेच साहेब. मी तेच म्हणणार होतो."

"आनखी जाड," नाना म्हणाले.

"जाड तर पाहिजेच, नाना."

सोफ्याला शोभावी अशी सीट बसली. सीट उंच झाली तसं हँडल खाली वाटू लागलं. मूळचं हँडल असं होतं की चालवणारा टाकीवर पालथा पडतो. "पोरगी काय बैलगाडीखाली तेल घालू राह्यली का?" नाना म्हणाले. ताबडतोब उंच, पसरट हँडल आलं. मग पडलीच तर पाय वाचावेत म्हणून दोन्ही बाजूंना लेगगार्ड. मागे कोणी बसलंच तर पाठ टेकायला उशी. ट्रकवाल्याला ऐकू जावा असा हॉर्न, ज्याने पहिल्याच दिवशी कॉलनीतल्या एका सद्गृहस्थाच्या हातातला चहा सांडवला. प्रत्येक वस्तूला रतिलाल "शोभतं साहेब" म्हणे. हितेंद्रराव गंभीरपणे मान हलवत आणि घरी येऊन डिंपलला फोन करत, "अगं, होतच आलीय. थोडं काम बाकी आहे."

"पप्पा, टायर आणि ब्रेक बघितलेत ना? तेवढंच महत्त्वाचं आहे. बाकी काही नको."

टायर आणि ब्रेकच्या बाबतीत मात्र हितेंद्ररावांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. खोटं काम खरं वाटावं म्हणून त्यांनी दोन-चार गोष्टी वाचायला घेतल्या आणि वाचता वाचता ते गुंतत गेले. पावसात कुठलं टायर रस्ता धरतं, कुठलं रबर लवकर कडक होतं, ब्रेक पॅड कुठले गरम झाले तरी सुटत नाहीत. रतिलालने पुढे केलेले टायर त्यांनी परत केले, दुसरे आणवले, तेही परत केले. आयुष्यात पहिल्यांदाच रतिलालचा चेहरा पडला. अखेर जे टायर आले त्यांच्यावरून हितेंद्ररावांनी कितीतरी वेळ हात फिरवला. हे का चाललंय ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग सरकारी बाजू. गाडी धुळ्याच्या पासिंगची, मुलगी धुळ्याला राहणारी, तरी हितेंद्ररावांनी ती जळगावला घ्यायचं काढलं. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात कागद जायचे म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? उन्हाळा सहज उजाडला असता. ते आरटीओत मोठ्या विश्वासाने गेले. पण काळ बदलला आहे हो. खिडकीतल्या तरुण साहेबांनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाले, "कागद सगळे ठीक आहेत, काका. नवीन नंबरप्लेटही लावलेली आहे. गाडी दाखवा, लगेच होऊन जाईल."

हितेंद्रराव खिडकीत वाकले. "लगेच? तुम्ही नीट बघितलंत का? काहीतरी राहिलं असेल."

"काही नाही राहिलं."

"असं कसं? मी स्वतः खात्यातला माणूस आहे. काहीतरी राहिलेलंच असतं."

मागे रांग चुळबुळ करू लागली. साहेब बिचारे उठून बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि थबकले. "काका, हे हँडल मूळचं नाही. हा हॉर्नही चालणार नाही. साडीगार्ड कुठंय? मूळचं सगळं लावून आणा, मग बघू."

हितेंद्ररावांनी त्यांचे हात हातात घेऊन आभार मानले. त्रुटी मिळालेला माणूस इतका आनंदी झालेला त्या ऑफिसाने आधी पाहिला नसावा. घरी येऊन त्यांनी साडीगार्ड तेवढं लावलं. जीन्स घालणाऱ्या मुलीच्या गाडीला लावलं. हँडल पुढच्या त्रुटीसाठी राखून ठेवलं. काढलेले मूळ भाग मात्र त्यांनी वर्तमानपत्रात नीट बांधून माळ्यावर ठेवले होते, कारण त्यांच्या घरात काही फेकून देत नाहीत.

आता खानदेशात थंडी पडली आणि नवीन गाडी घरी आली, की पेढ्यांवर कोणाचं भागत नाही. भरीत लागतं. "गाडीचं भरीत कधी?" हे रोज ऐकून हितेंद्रराव टेकीला आले. शेवटी नाना म्हणाले की नशिराबादकडच्या माझ्या शेतातली वांगी घे, भाजायला कपाशीच्या काड्याही तिथल्याच घे, अन् गाडी कशाला हाये मग? रतिलालने त्याच आठवड्यात मागे लोखंडी कॅरियर बसवलं होतं. त्याची परीक्षाही होणार होती.

त्या दुपारी नशिराबादहून निघालेली ती गाडी ज्यांनी पाहिली त्यांनी ती जन्मात विसरू नये. वर ताठ बसलेले हितेंद्रराव, डोक्यावर बंद हेल्मेट, मागे कॅरियरवर वांग्यांचं पोतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीच्या वाळल्या काड्यांचे भारे. सगळं सुतळीने आवळून बांधलं होतं. एवढी एकच बाब कोणाच्या ध्यानात आली नाही: या जातीच्या गाडीचं सायलेन्सर मागे शेपटाखाली वर वळवलेलं असतं आणि ते तव्यासारखं तापतं. आपल्या साध्या गाड्यांवर नानांनी पन्नास वर्षं काड्या वाहिल्या, कधी काही झालं नाही.

हितेंद्ररावांना गाडी चालवायला मजा येऊ लागली होती, हे इथे कबूल केलं पाहिजे. महामार्गाला लागताच समोरून येणारे लोक त्यांना हात करू लागले. एक जण, दोघं, मग एक अख्खी जीप. ते मनात म्हणाले, गाडीच तशी आहे. त्यांनीही एक हात किंचित उचलून सर्वांचा मान ठेवला. एक ट्रॅक्टरवाला तर उभा राहून दोन्ही हात हलवत ओरडत होता. त्यांनी त्यालाही मान डोलावली. तेवढ्यात भाजल्या वांग्यांचा झकास वास आला. हंगामच आहे, कुठल्यातरी मळ्यात पार्टी चालू असणार, ते म्हणाले. वास काही मागे पडेना.

हवा भरावी म्हणून ते पेट्रोल पंपाकडे वळले. तिथली माणसं आधी मागे पळाली आणि मग वाळूच्या बादल्या घेऊन पुढे आली. "आबा, उतरा! उतरा आधी! मागे पेटलंय!" हितेंद्रराव उतरले कसले, त्यांना ओढून उतरवलं. गाडी रस्त्याच्या कडेला ढकलली गेली, तिच्यावर वाळू पडली, पाणी पडलं, घोंगडं पडलं. धूर विरला तेव्हा रतिलालच्या सोफ्यासारख्या सीटचा कोळसा झाला होता आणि निळं शेपूट वितळून वाकलं होतं. मागून आलेल्या नानांनी पोतं उघडून एक वांगं दाबून बघितलं. "एका बाजूनं चांगली भाजली," ते हळूच म्हणाले.

कोणी हसलं नाही, हितेंद्ररावांचा चेहराच तसा झाला होता. मुलीने स्वतःच्या कमाईतून घेतलेली वस्तू त्यांनी जाळली होती. इंजिन वाचलं, चाकं वाचली. पण घरी ते मान खाली घालून ओसरीवर बसले आणि चहा तसाच गार झाला.

त्यांच्या पत्नी मोहिनीबाई हा सगळा तमाशा पहिल्या दिवसापासून बघत होत्या. इतके दिवस गप्प होत्या, आता समोर येऊन बसल्या.

"अहो, एक विचारू? तुम्हाला ती गाडी तिला द्यायचीच नाहीये ना?"

"थोडं काम..."

"ते ऑफिसातलं ऑफिसात ठेवा. मला सांगा."

हितेंद्ररावांनी गार चहाचा कप दूर सारला. मग म्हणाले, "नाही द्यायची. एक तारखेपर्यंत अशीच ठेवली की ते पद दुसऱ्याला जाईल. ती रागवेल थोडे दिवस. पण बसने येईल-जाईल."

"आणि तिला कळलं की तिचं पद तुम्ही घालवलंत, तर?" मोहिनीबाई उठल्या. "मी सांगणार आहे तिला. आत्ता सांगणार आहे."

त्यांनी सांगितलं. आग लागली तेही आणि का लागली तेही. हितेंद्रराव कान देऊन ऐकत होते. डिंपलने पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, "पप्पांना भाजलं का कुठे?"

हितेंद्ररावांनी पंच्याने तोंड झाकलं.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी डिंपल आली. भटूने कुठूनतरी मिळवून दिलेलं त्याच जातीच्या गाडीचं शेपूट तिने एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं. वडिलांना नमस्कार केला, दोन घास खाल्ले, माळ्यावरची पुडकी उतरवली आणि पाने-पकड घेऊन अंगणात बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. हितेंद्रराव खुर्ची घेऊन समोर बसले, साहेबांसमोर चौकशीला बसावं तसे.

"हे कशासाठी?" तिने लेगगार्डचा बोल्ट सैल करत विचारलं.

"तू पडलीस तर..."

लेगगार्ड निघालं. "आणि हा हॉर्न?"

"ट्रकवाल्यांना ऐकू जायला नको?"

हॉर्न निघाला. कॅरियर निघालं, साडीगार्ड निघालं. "ही उशी? मागे कोण बसणार होतं, पप्पा?"

"कोणी असतं सोबत तर बरं," हितेंद्रराव म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मला भीती वाटते गं, डिंपू. दुसरं काही नाही. तू रस्त्यावर आहेस म्हटलं की माझ्या हातून एक कागद सरळ लिहिला जात नाही. मी काय करू?"

उखर्डू नाना कुंपणापलीकडून काहीतरी सुचवायला आले होते, ते तसेच परत फिरले.

डिंपलने पाना खाली ठेवला. "मलाही वाटते. रोज वाटते. म्हणून तर मी पहिल्यांदा टायर विचारले. तुम्ही गाडी जड जड केलीत. वेळ आली तर मी आवरली कशी असती?"

ती पुढे सरकली आणि चाकापाशी वाकून राहिली. टायरवर नख दाबून पाहिलं, ब्रेकच्या आत डोकावून पाहिलं, पुन्हा टायरकडे आली.

"हे कोणी निवडले? रतिलालकाकांनी?"

"त्याला काय कळतंय!" हितेंद्रराव उसळून म्हणाले. "त्याने दिलेले मी परत केले. पावसात ते धरत नाहीत. हे मी निवडले."

"हे मला धुळ्यात मिळत नव्हते," डिंपल म्हणाली. "हे राहू द्यायचे. ब्रेक पण." आणि तिने मूळचं हँडल मागायला हात पुढे केला. त्यांनी ते वर्तमानपत्रातून सोडवून तिच्या हातात दिलं. संध्याकाळपर्यंत मग ते एकेक बोल्ट देत गेले आणि ती आवळत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. मोहिनीबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, नानांनी भरिताचा डबा दिला. हितेंद्रराव म्हणाले, "सावकाश जा," आणि वळून घरात गेले. गाडी कोपऱ्यावरून नाहीशी होताच ते पिशवी घेऊन बाहेर आले. "मेथी घेऊन येतो," त्यांनी बायकोला सांगितलं. मेथी आदल्या दिवशीच आणली होती.

धुळ्याच्या एसटीत त्यांना ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी मिळाली. शहराबाहेर पडताच दूरवर निळा ठिपका दिसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी काचेवर नाक लावलं. एखादा ट्रक मध्ये आला की ते अर्धवट उठत, ठिपका दिसला की बसत. शेजारच्या बाईंनी विचारलं, "भाऊ, बरं वाटत नाही का?" एरंडोलपर्यंत गाडी पुढे होती, एका लयीत, एका वेगात. एरंडोलला बस थांबली, कोणाची पोती चढली, कंडक्टरचा कोणाशी वाद झाला. पुन्हा निघाली तेव्हा रस्ता मोकळा होता. ठिपका नव्हता. त्यापुढचा वेळ त्यांनी कसा काढला ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पारोळ्याच्या अलीकडे फोन वाजला. डिंपल. त्यांनी पिशवी खाली टाकून तो उचलला.

"पप्पा, तुमची बस कुठे अडकली? मी पारोळ्याच्या स्टँडबाहेर थांबलेय."

"माझी? मी तर मेथी घ्यायला..."

"आईने सांगितलं नाही. मी जळगावच्या स्टँडजवळ पेट्रोल भरायला थांबले होते, तेव्हा तुम्हाला बसमध्ये चढताना पाहिलं. एरंडोलपर्यंत आरशात दिसत होती बस. मग दिसेना, म्हणून थांबले. काळजी वाटायला लागली."

हितेंद्रराव "बरं" म्हणाले. फोन बंद केल्यावरही तो कानाला धरून बसले.

स्टँडबाहेर ती गाडीला टेकून उभी होती, हातात चहाचे दोन ग्लास. ते उतरले. दोघांनी उभ्यानेच चहा घेतला. ती म्हणाली, "बसा पुन्हा बसमध्ये. मी तुमच्या पुढेपुढेच राहते. बस हळू चालते, पण मी थांबत थांबत जाईन."

हितेंद्ररावांनी गाडीकडे पाहिलं. सीट होती पाट्याएवढी, हँडल खाली, शेपूट आभाळाकडे. सगळं मूळचं.

"नको," ते म्हणाले. "माझ्यासाठी थांबू नकोस. तू जा."

तिने त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं, हेल्मेट घातलं आणि गेली. या वेळी ते बसमधल्यासारखे टाचा उंचावून बघत राहिले नाहीत. ग्लास टपरीवर ठेवला, पैसे दिले.

बस सुटायला आली तसा कंडक्टर दारातून ओरडला, "ओ आबा, चला! धुळ्याचं तिकीट आहे ना तुमचं?"

"असू द्या," हितेंद्रराव म्हणाले. "पारोळ्यापर्यंत पुरे." आणि जळगावची गाडी कुठे लागते ते विचारायला ते रस्ता ओलांडून गेले.